थोरॅसिक आउटलेटच्या शस्त्रक्रियेनंतर : मानेचा ताठरपणा आणि आतला वण



रविवारच्या मिस्सामध्ये शांतीच्या अभिवादनाची वेळ आली की आपण सहज मान वळवून मागच्या बाकावरील व्यक्तीकडे पाहतो. ही हालचाल इतकी सवयीची असते की तिच्याकडे आपले कधी लक्षच जात नाही. परंतु आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेला हीच हालचाल अशक्य झाली होती. वर्षानुवर्षे हात उंचावून फळ्यावर लिहिणाऱ्या या बाईंच्या उजव्या हाताला सतत मुंग्या येत, बोटे बधिर होत आणि खडूही हातातून निसटे. तपासाअंती 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम' असे निदान झाले व शस्त्रक्रिया करून त्यांची पहिली बरगडी काढण्यात आली. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, हाताच्या मुंग्याही बऱ्याच कमी झाल्या. तथापि दोन महिने उलटले तरी त्या मान न वळवता कमरेपासून संपूर्ण शरीर वळवीत. "फादर, गळ्याच्या हाडामागे कुणीतरी दोरी आवळून बांधल्यासारखे वाटते. बरगडी तर काढली, मग आता हे काय अडकले आहे? पुन्हा ऑपरेशन करावे लागेल का?" असा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नामागे जी भीती आहे ती एकट्या त्यांची नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला पुष्कळ माहिती दिली जाते. मात्र टाके निघाल्यानंतरच्या दीर्घ वाटचालीविषयी घरच्यांना व स्वतः रुग्णालाही फारशी कल्पना नसते. म्हणून या विषयाची सविस्तर ओळख करून देण्याचा हा प्रयत्न.

हा आजार नेमका काय आहे?

मानेतून हाताकडे जाणारा मार्ग अतिशय अरुंद आहे. मानेच्या मणक्यांजवळ मज्जातंतूंची पाच मुळे एकत्र येऊन एक जाळे तयार होते. हातातील सर्व संवेदना व शक्ती याच जाळ्यातून जाते. हे जाळे आणि हाताला रक्त पुरविणारी मोठी धमनी मानेच्या बाजूच्या दोन स्केलीन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात, पहिल्या बरगडीवरून आणि गळ्याच्या हाडाखालून पुढे सरकतात व छातीच्या एका लहान स्नायूखालून काखेत उतरतात. हाताकडून परत येणारी शीर पुढच्या स्केलीन स्नायूच्या समोरून जाते. या वाटेत कोठेही दाब पडला की त्रास सुरू होतो. ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांमध्ये हा दाब मज्जातंतूंवर असतो. काहींमध्ये शिरेवर दाब येऊन तिच्यात रक्ताची गुठळी होते. फारच थोड्यांमध्ये धमनी दाबली जाते. काही व्यक्तींना जन्मतःच मानेत एक जास्तीची बरगडी असते, तीही या अडचणीला कारण ठरू शकते.

हा आजार नवा नाही. अशी जास्तीची बरगडी काढण्याची शस्त्रक्रिया लंडनमध्ये १८६१ साली झाली होती. आज प्रचलित असलेले नाव १९५६ मध्ये रूढ झाले आणि १९६६ मध्ये डॉ. डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची पद्धत मांडली. आता काही शल्यविशारद काखेतून, तर काही गळ्याच्या हाडाच्या वर छेद घेऊन ही शस्त्रक्रिया करतात. वरच्या छेदाने केलेल्या शस्त्रक्रियेत बहुधा स्केलीन स्नायूही काढले जातात आणि मज्जातंतूंभोवतीची चिकट आवरणे सोडविली जातात.

मान का आखडते?

शस्त्रक्रियेनंतर मान आखडण्याचे कारण एकच नसते. पहिली गोष्ट अशी की, मानेला पुढून व बाजूने आधार देणारे स्नायू कापले किंवा काढले गेलेले असतात. त्यांचे काम खांद्यावरच्या व मानेच्या मागच्या स्नायूंवर येऊन पडते आणि तेच स्नायू थकून दगडासारखे घट्ट होतात. दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेच्या वेळी मान बराच काळ एका बाजूला वळवून ठेवलेली असते. तिसरी, दुखेल या भीतीने रुग्ण नकळत खांदा वर उचलून मान आवळून धरतो. चौथे कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. स्केलीन स्नायू श्वसनालाही मदत करतात. जो रुग्ण वेदनेमुळे पोटाने श्वास न घेता केवळ छातीच्या वरच्या भागाने उथळ श्वास घेतो, त्याच्या मानेच्या उरलेल्या स्नायूंना दिवसभरात हजारो वेळा विनाकारण राबावे लागते. शिवाय ही मान शस्त्रक्रियेच्या दिवशी आखडलेली नसते; तिच्यामागे कित्येक महिन्यांच्या, कधी वर्षांच्या दुखण्याचा इतिहास असतो.

आणि शेवटचे कारण म्हणजे वण.

वण म्हणजे शत्रू नव्हे

बाहेर दिसणारा वण म्हणजे त्वचेवरची बोटभर रेघ. परंतु त्वचेखाली, स्नायूंमध्ये आणि मज्जातंतूंच्या सभोवतीही तितकीच, किंबहुना त्याहून अधिक दुरुस्ती चाललेली असते. पहिले काही दिवस सूज असते. त्यानंतरच्या आठवड्यांत शरीर कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे घाईघाईने टाकते. भिंत पडू नये म्हणून गवंडी मिळेल तो दगड लावतो, तसे हे धागे कोणत्याही दिशेने, अस्ताव्यस्त पडतात. त्यानंतर सुरू होतो तिसरा टप्पा. जुने धागे विरघळतात, नवे व मजबूत धागे येतात आणि ज्या दिशेला रोज हालचाल होते त्या दिशेने ते मांडले जातात. हा टप्पा कित्येक महिने, साधारणपणे एक वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ चालतो.

यातच आपल्या शिक्षिकेच्या प्रश्नाचे उत्तर आहे. दोन महिन्यांचा वण हा कच्चा वण असतो. तो घट्ट लागणे, ओढल्यासारखा वाटणे हे बहुतेक वेळा शस्त्रक्रिया फसल्याचे लक्षण नसून दुरुस्ती अद्याप चालू असल्याची खूण आहे. वण होऊ न देणे कोणाच्याही हाती नाही, आणि तशी इच्छाही करू नये, कारण वण नसेल तर जखम भरणारच नाही. मात्र तो कसा घडावा हे काही अंशी आपल्या हाती असते.

धोका आहे तो वण मज्जातंतूंना चिकटून बसण्याचा. मान व हात हलताना हे मज्जातंतू काही मिलिमीटर मागे-पुढे सरकत असतात. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तसे हे आहे. नेफ्यात नाडी एखाद्या जागी टाक्यात अडकली, तर एका टोकाने जोर लावून ओढल्यास ती तुटते किंवा नेफा फाटतो. हलक्या हाताने थोडी इकडे, थोडी तिकडे केली तर मोकळी होते. काही शल्यविशारद शस्त्रक्रियेच्या शेवटी मज्जातंतूंभोवती शरीरातीलच चरबीचा थर किंवा कालांतराने विरघळणारे पातळ आवरण ठेवतात, ते याच हेतूने. शस्त्रक्रियेनंतर काही काळाने त्रास परत उद्भवतो तेव्हा मज्जातंतूंभोवती जमलेला हा वण एक प्रमुख कारण असतो. आणि वणातून वाट काढीत पुन्हा शस्त्रक्रिया करणे पहिल्यापेक्षा अधिक अवघड असते. म्हणूनच पहिल्या वर्षातील काळजी मोलाची.

दोन टोकाच्या चुका

पहिली चूक भीतीची. मान हलवायचीच नाही, मानेचा पट्टा लावून बसायचे, हात पोटाशी धरून ठेवायचा. असे केल्याने धागे आहेत तसेच घट्ट होतात, स्नायू दुबळे होतात आणि खांदाही आखडतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मानेचा पट्टा वापरू नये.

दुसरी चूक उतावळेपणाची. कोणी मान जोराने ताणतो, कोणी मालिशवाल्याकडून रग लावून चोळून घेतो. केशकर्तनालयात डोक्याला मालिश झाल्यावर मान 'मोडून' देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती एरवीही सुरक्षित नाही; या रुग्णांनी तर तिच्यापासून कटाक्षाने दूर राहावे. जोराने ताणल्यास मज्जातंतू चिडतात, सूज वाढते आणि सूज वाढली की नवा वण तयार होतो. म्हणजे ज्यासाठी धडपड केली, त्याच्या अगदी उलट घडते.

या दोन टोकांच्या मधली वाट म्हणजे रोजची, थोडी थोडी व सौम्य हालचाल.

काय करावे?

पुढील गोष्टी आपल्या शल्यविशारदाच्या परवानगीने व फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कराव्यात. शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने झाली, शिरेवर किंवा धमनीवर काही काम केले का, यांवर वेळापत्रक अवलंबून असते.

१. श्वास : पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, एक हात पोटावर व एक छातीवर ठेवावा. श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहावा. पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. हा व्यायाम सर्वांत सोपा आहे, आणि मानेच्या स्नायूंना विश्रांती देणारा याच्याइतका दुसरा नाही.

२. मान : सरळ बसून मान हळूहळू उजवीकडे, मग डावीकडे वळवावी. पहिला ताण जाणवेल तेथे थांबून दोन श्वास घ्यावेत व परत यावे. निरोगी मान प्रत्येक बाजूस सुमारे ७० ते ८० अंश वळते. तेथे पोहोचण्याची घाई नको. एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी पाच आवर्तने करणे हितकारक. शस्त्रक्रियेच्या विरुद्ध बाजूला मान कलती करण्याने मज्जातंतूंवर सर्वाधिक ताण येतो, म्हणून ती हालचाल सर्वांत शेवटी व सर्वांत जपून शिकावी.

३. खांद्याची पाती : दोन्ही पाती किंचित मागे व खाली घेऊन पाच अंक मोजेपर्यंत धरावीत. खांदे पुढे झुकलेले राहिले की गळ्याच्या हाडाखालची जागा पुन्हा अरुंद होते.

४. मज्जातंतूंची सरकती हालचाल : ही फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकूनच करावी. तत्त्व नाडीचेच आहे. हाताचे कोपर सरळ होत असताना मान त्याच हाताच्या बाजूला किंचित झुकवायची आणि कोपर वाकवताना मान पुन्हा सरळ करायची. एका टोकाला ताण येतो तेव्हा दुसरे टोक सैल सोडले जाते, त्यामुळे मज्जातंतू ताणला न जाता सरकतो.

५. वणाला मालिश : जखम पूर्ण भरून खपली पडल्यावर, सामान्यतः दोन-तीन आठवड्यांनंतर व डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सुरुवात करावी. हात स्वच्छ धुऊन बोटांच्या टोकाला थोडे खोबरेल तेल लावावे. वणावरून बोट घसरवायचे नाही, तर बोटाबरोबर त्वचाच वर-खाली, आडवी आणि गोलाकार हलवायची. पाच मिनिटे, दिवसातून दोन वेळा पुरे. गळ्याच्या हाडाच्या वर मज्जातंतूंचे जाळे त्वचेपासून फार खोल नसते, म्हणून दाब हलकाच असावा. बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या तर लगेच थांबावे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर मालिशपूर्वी डॉक्टरांना विचारावे.

वण जाड होण्याची प्रवृत्ती असल्यास सिलिकॉनची पट्टी किंवा जेल दोन-तीन महिने वापरण्याचा सल्ला दिला जातो. कोवळा वण उन्हाने काळवंडतो, त्यामुळे वर्षभर तो झाकून ठेवावा. उघड्या जखमेवर हळद, बाम किंवा झाडपाल्याचा लेप लावू नये.

६. शेक : कोमट टॉवेलचा दहा-पंधरा मिनिटे शेक मान व खांद्याच्या मागच्या भागाला आराम देतो. मात्र या शस्त्रक्रियेनंतर गळ्याच्या हाडाखाली किंवा दंडाच्या आतल्या बाजूला त्वचा बधिर राहू शकते. बधिर त्वचेला चटका कळत नाही. शेक देण्यापूर्वी टॉवेल दुसऱ्या हाताने तपासून घ्यावा.

किती व्यायाम पुरेसा, याला एक घरगुती माप आहे. व्यायामानंतर थोडा ताण जाणवून तो अर्ध्या तासात निवला तर ठीक. मुंग्या किंवा ठणका दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला, तर त्या दिवशी निम्मेच करावे. सोडून मात्र देऊ नये.

घरातील व प्रवासातील काळजी

उशी अशी असावी की मान ना वर उचलली जाईल, ना खाली लोंबेल. पाठीवर किंवा शस्त्रक्रिया न झालेल्या कुशीवर निजावे आणि त्या बाजूच्या हाताखाली एक लहान उशी घ्यावी. टेलिफोन कान व खांदा यांच्यात धरून बोलू नये. पिशवी किंवा पर्स त्या खांद्याला अडकवू नये. पाण्याची बादली व कळशी, गॅसचे सिलिंडर, भाजीची टोपली या गोष्टी डॉक्टर सांगेपर्यंत उचलू नयेत. ही मुदत कित्येक आठवड्यांची असते. लोकलच्या गर्दीत वरची कडी धरून तासभर उभे राहणे हा या आजाराला आमंत्रण देणारा प्रकार आहे. शक्य असल्यास गर्दीची वेळ टाळावी, नाहीतर खांद्याच्या खालच्या उंचीवरील दांडा धरावा. मान वळू लागल्याशिवाय दुचाकी चालवू नये. मागचे वाहन न दिसणे हा स्वतःला व इतरांनाही धोका आहे.

येथे घरच्या मंडळींची जबाबदारी येते. बाहेरून वण बोटभर दिसतो, हात हलतो, चेहराही बरा दिसतो. मग 'आता काय झाले आहे?' असा सूर निघू लागतो. विशेषतः घरातील स्त्रीला टाके निघताच धुण्या-भांड्याला लागावे लागते. उंच फळीवरील डबे खाली आणून ठेवणे, पाणी दुसऱ्याने भरणे, व्यायामाची दहा मिनिटे तिला मोकळी ठेवणे ही कामे लहान असली तरी तीसुद्धा उपचारच आहेत.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे?

धाप लागणे किंवा छातीत दुखणे. हात अचानक सुजणे वा निळसर होणे. हात थंड व पांढरा पडणे. ताप येणे, जखम लाल होऊन पू येणे किंवा तिच्यातून दुधासारखा द्रव पाझरणे. हाताची शक्ती दिवसेंदिवस कमी होणे. खांद्याचे पाते पाठीवर पंखासारखे उचलले जाणे. यांपैकी काहीही आढळल्यास व्यायाम करीत वाट पाहू नये. पहिली चार लक्षणे दिसल्यास तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

उलटपक्षी मधूनच विजेचा बारीक झटका बसल्यासारखे वाटणे, हवामान बदलल्यावर वण ओढणे, एखादा दिवस चांगला व एखादा वाईट जाणे हे पुष्कळांना होते. दबलेल्या मज्जातंतूचे धागे पुन्हा वाढायचे असतील तर त्यांचा वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असतो. मानेपासून बोटांचे अंतर लक्षात घेतले तर महिन्यांचा हिशेब का करावा लागतो, हे कळून येईल.

अपेक्षा किती ठेवावी?

याबाबत प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या अनेक खेळाडूंवर ही शस्त्रक्रिया झाली आहे. स्टीफन स्ट्रासबर्ग हा २०१९ च्या विश्वमालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाल्यावर तो मोठ्या स्पर्धेत केवळ एकच सामना खेळू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. मेरिल केली याच्यावर २०२० मध्ये अशीच शस्त्रक्रिया झाली. तो पुढच्याच वर्षी मैदानावर परतला आणि २०२३ च्या विश्वमालिकेत त्याने आपल्या संघाला एक सामना जिंकून दिला. दोघांनाही उत्तम उपचार उपलब्ध होते. आजाराचा प्रकार, मज्जातंतूंना आधीच झालेली इजा, शरीराची वण तयार करण्याची प्रवृत्ती या गोष्टी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. म्हणून शेजारच्या रुग्णाशी तुलना करून स्वतःला दोष देऊ नये, आणि ज्याला वेळ लागतो त्याने व्यायाम चुकवले असतील असे इतरांनीही गृहीत धरू नये.

आपल्या शिक्षिकेला दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज भासली नाही. त्यांनी भिंतीवर मानेच्या उंचीला खडूची एक खूण केली होती. तिच्यासमोर रोज त्याच जागी खुर्चीत बसून मान वळवायची आणि नजर कोठवर पोहोचते ते पाहून पुढची खूण करायची. काही आठवडे खूण जागची हलली नाही, एकदा तर ती मागेही आली. तरी सहा महिन्यांत ती भिंतीवरून खिडकीपर्यंत गेली. मान अजून पूर्ण वळत नाही आणि थंडीत वण ओढतो, असे त्या सांगतात. पण रविवारी मागच्या बाकावर कोण बसले आहे हे त्यांना आता दिसते.